सीलबंद पीस : एका इलेक्ट्रिक गिटारच्या खरेदीचं प्रकरण

मी पुण्यात गिटार दुरुस्तीचं काम करतो. माझ्याकडे येणाऱ्या नव्या गिटारींपैकी बऱ्याच खराब नसतातच, त्यांचं सेटिंग, म्हणजे तारांची उंची आणि दांड्याचा बाक जुळवणं, कुणी केलेलं नसतं एवढंच. हे प्रकरण मुद्दाम लिहून ठेवलं, कारण इथे एकाच वाद्यात सेटिंगचा अभावही होता आणि खरा दोषही. दोन्हींचा गुंता सुटेपर्यंत दुकानदाराशी बोलणं एक पाऊल पुढे सरकत नव्हतं. कुटुंबाच्या परवानगीने लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दुकानाचं आणि गिटारच्या ब्रँडचं नाव दिलेलं नाही, आणि जे घडलं ते कुठल्याही दुकानात घडू शकतं असं माझं मत आहे.

पार्श्वभूमी

वडील साताऱ्यात सहकारी बँकेत नोकरीला. मुलगी सतरा वर्षांची, तीन वर्षं साध्या अकूस्टिक गिटारवर शिकलेली. कॉलनीच्या गणेशोत्सवात मुलांचा बँड वाजणार होता आणि तिला त्यात इलेक्ट्रिक वाजवायची होती. त्या वर्षी, म्हणजे २०२३ मध्ये, गणपती १९ सप्टेंबरला बसणार होते. पुण्यातल्या एका दुकानात १५ ऑगस्टनिमित्त ऑफर लागली होती, म्हणून शनिवारी १२ ऑगस्टला बाप-लेक पुण्याला आले. आजीचा विरोध होता. अधिक श्रावण चालू होता, १६ तारखेला संपणार होता. "धोंड्याच्या महिन्यात नवी वस्तू कशाला घेताय, चार दिवस थांबा की," असं त्या म्हणाल्या होत्या. हे वाक्य पुढे महिनाभर त्या घरात रोज ऐकू आलं.

या घराला वाद्यखरेदी नवी नव्हती. आजोबांचा तानपुरा मिरजेहून आणलेला. तो घेताना आजोबा कारागिरासमोर अर्धा दिवस मांडी घालून बसले होते आणि मनासारखी जवारी (तारांची झणझण) लागेपर्यंत उठले नव्हते. वडील तेव्हा दहा वर्षांचे, सोबत होते. मला त्यांनी हा किस्सा रंगवून सांगितला, आणि सांगता सांगता स्वतःच थबकले. कारण गिटार मात्र त्यांनी फ्रीज घेतात तशी घेतली होती.

खरेदीचा दिवस

दुकानात मुलीने भिंतीवरच्या तीन गिटारी वाजवून पाहिल्या. तिसरी तिला आवडली : निळी, स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर या प्रसिद्ध गिटारच्या) धाटणीची, तीन सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपची, इंडोनेशियात बनलेली. पिकअप म्हणजे तारेचं कंपन टिपून अ‍ॅम्पकडे पाठवणारा भाग. ही धाटणी १९५४ सालची आहे आणि आज कितीतरी ब्रँड ती बनवतात. स्केल (तारेची वाजणारी लांबी) साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर. छापील किंमत ३६,५०० रुपये, ऑफरमध्ये ३२,९००, १८ टक्के जीएसटी धरून. शिवाय सरावाचा छोटा अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर) ७,८०० रुपयांचा.

मुलीने ती अर्धा तास वाजवली. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, हा डिस्प्ले पीस आहे, शंभर जणांनी हाताळलेला. तुम्हाला आतून सीलबंद देतो."

"बाबा, मला हीच चालेल," मुलगी म्हणाली.

"अगं, पैसे नव्याचे देतोय ना आपण? मग नवंच घेऊ."

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच, आणि तो घ्यायला दहा सेकंदंही लागली नाहीत. वडिलांचं चुकलं असं मी पटकन म्हणणार नाही. मिक्सर, मोबाइल, टीव्ही घेताना आपण सगळेच असंच वागतो. खोक्यावरची टेप शाबूत असली की आपल्याला बरं वाटतं. पण मोबाइलचे दोन नग एकसारखे असतात, लाकडाचे नसतात. एकाच दिवशी एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन गिटारींच्या नेकही (तारा ज्यावर दाबतो ते लांब दांडे) वेगवेगळ्या वागतात. त्यात सीलबंद खोकं समुद्रमार्गे कंटेनरमधून येतं, मग गोदामात पडून राहतं, मग दुकानाच्या माळ्यावर जातं. या सगळ्या प्रवासात ते वाद्य कुणीही वाजवलेलं नसतं. शंभर जणांनी हाताळलेल्या पीसमधला दोष शंभर जणांपैकी कुणीतरी केव्हाच दाखवून दिलेला असतो.

आतून खोकं आलं. टेप कापली, रंग बरोबर असल्याचं दाखवलं, खोकं बंद. एकही तार छेडली गेली नाही.

बिलाच्या वेळी आणखी एक प्रश्न आला. "बिल नको असेल तर अजून दोन हजार कमी करतो." बँकेतल्या माणसाने साहजिकच नाही म्हटलं. पुढे सगळं प्रकरण या नकारावर तरलं. मात्र पक्क्या बिलावर गिटारचा सीरियल नंबर लिहिलेला नव्हता, वॉरंटी कार्ड कोरं होतं, आणि बिलाच्या तळाशी नेहमीचं वाक्य छापलेलं होतं : 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'

अडचण

घरी पहिल्याच संध्याकाळी तीन गोष्टी लक्षात आल्या. जाड तारा पहिल्या तीन-चार फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) खरखरत होत्या. अ‍ॅम्प लावला की सतत घूंऽऽ असा आवाज येत होता. आणि वरच्या बाजूला, चौदाव्या फ्रेटवर, बारीक दोन तारांचा स्वर उमटतच नव्हता. टक् असा आवाज यायचा आणि तार गप्प.

क्लासच्या सरांनी सांगितलं, "तारा नव्या आहेत, बसतील हळूहळू." अकूस्टिक शिकवणाऱ्या सरांनी असं म्हणणं मी समजू शकतो, पण यात दहा दिवस गेले. तारा ताणल्या जाऊन स्थिर होतात हे खरं आहे. त्याने सूर टिकतो, मेलेला स्वर जिवंत होत नाही.

२३ ऑगस्टला वडिलांनी दुकानात फोन केला. उत्तर मिळालं, "पावसाळी हवा आहे सर, नेक हलते. घेऊन या, बघतो." फोन ठेवल्यावर मुलीने आपणहून एक काम केलं. दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर छोटासा व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं : 'चौदाव्या फ्रेटवर पहिल्या दोन तारांचा आवाज येत नाही.' दोन निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही.

२६ ऑगस्टला दुकानातल्या टेक्निशियनने दहा मिनिटांत ब्रिजवरचे (तारा खालच्या टोकाला अडकतात त्या भागावरचे) सॅडल, म्हणजे तारांचे छोटे टेकू, वर उचलले. तारा फ्रेटपासून लांब गेल्या, खरखर बरीच कमी झाली, चौदाव्या फ्रेटवर थोडासा स्वर येऊ लागला. सगळे खूश होऊन परतले. साताऱ्यात दोन तास सराव केल्यावर मुलीची बोटं दुखायला लागली आणि बेंड केलं (तार बाजूला ओढून स्वर चढवला) की तार पुन्हा गप्प व्हायला लागली. टेक्निशियनने दोष दुरुस्त केला नव्हता, तार त्यापासून दूर नेली होती.

तपासणी

२ सप्टेंबरला गिटार माझ्याकडे आली. मी कुठलीही इलेक्ट्रिक गिटार आधी अ‍ॅम्पशिवाय वाजवतो. दुकानात डेमो बहुधा मोठ्या अ‍ॅम्पवर, रिव्हर्ब आणि डिस्टॉर्शन लावून होतो. त्या गदारोळात फ्रेटची खरखर, मेलेला स्वर, काहीच कळत नाही.

पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला, बाविसाव्या फ्रेटवर तार दाबली आणि आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत किती फट राहते ते पाहिलं. नेकला किंचित खोलगट बाक असावा लागतो. ही फट साधारण ०.२ ते ०.२५ मिलिमीटर असली की माझं समाधान होतं. इथे फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पानांच्या संचाचं) ०.०५ चं पान जेमतेम सरकत होतं. म्हणजे नेक जवळजवळ सपाट. नऊ-बेचाळीसच्या (सगळ्यात बारीक ०.००९ इंच, सगळ्यात जाड ०.०४२ इंच) सहा तारा मिळून सुमारे ३८ किलोच्या ताकदीने नेक ओढतात आणि आतला ट्रस रॉड, म्हणजे पोलादी सळई, त्या ओढीला तोलून धरतो. इथे सळई गरजेपेक्षा जास्त आवळलेली होती. मी ती पाव फेरा ढिली केली, फट ०.२२ वर आली, आणि खालच्या फ्रेटवरची खरखर गेली. पहिली तक्रार मिटली. हा निव्वळ सेटिंगचा प्रश्न होता.

इथे थोडं विषयांतर. तानपुऱ्यात ब्रिज आणि तार यांच्यात दोरा सरकवून जी झणझण आपण हौसेने लावून घेतो, तिला जवारी म्हणतो. गिटारमध्ये जवळपास तोच प्रकार झाला की त्याला दोष म्हणतो. पण मिरजेचा कारागीर जसं वाद्य हातात देण्याआधी जवारीचं बघतो, तसंच गिटार देण्याआधी कुणीतरी ट्रस रॉड, सॅडल आणि नट (तारा वरच्या टोकाला टेकतात ती खाचांची पट्टी) बघणं अपेक्षित असतं. कारखाना म्हणतो ते दुकानाचं काम, दुकान म्हणतं ते कारखान्याचं. मधल्या मधे ते राहून जातं.

दुसरी तक्रार अ‍ॅम्पच्या घूं आवाजाची. माझ्याकडे तो आवाज सिंगल कॉइलला असतो तेवढाच होता, आणि स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या जागी, म्हणजे दोन पिकअप एकत्र चालतात तिथे, नेला की जात होता. म्हणजे पिकअप ठीक. घरी तो जास्त का यायचा? मी विचारलं, तारांना हात लावला की कमी होतो का, प्लग कुठे आहे, शेजारी काय आहे. कॉम्प्युटरशेजारचा जुना सॉकेट. पुढे इलेक्ट्रिशियनला दाखवल्यावर कळलं की त्या सॉकेटचं अर्थिंग तुटलेलं होतं. गिटारचा यात काही दोष नव्हता.

तिसरी तक्रार मात्र खरी निघाली. चौदाव्या-पंधराव्या-सोळाव्या फ्रेटवर छोटी सरळ पट्टी आडवी ठेवली तर ती पंधराव्यावर झोपाळ्यासारखी डुलत होती, तीही फक्त बारीक तारांच्या बाजूला. लाकडी काडीने फ्रेटचं टोक दाबलं की ते किंचित खाली जायचं, सोडलं की वर यायचं. त्या बाजूला पंधरावा फ्रेट खाचेत नीट बसलेलाच नव्हता. चौदाव्यावर बोट ठेवलं की तार पुढच्या, वर आलेल्या फ्रेटला टेकून गप्प होत होती. हा मालाचा दोष. त्याला पावसाळा जबाबदार नाही, तारा नव्या असणं जबाबदार नाही, सॅडल कितीही उचलून तो जात नाही.

पट्टी सगळ्यांकडे नसते. जुन्या एटीएम कार्डाचा साधारण ४ सेंटिमीटरचा तुकडा कापून त्याची न कापलेली कड वापरली तरी त्या भागातले तीन फ्रेट तपासता येतात. कार्ड अख्खं ठेवलं तर ते चार-पाच फ्रेटवर टेकतं आणि काहीच समजत नाही. बँकेतल्या माणसाला ही कल्पना फार आवडली. पुढच्या भेटीला ते असे दोन तुकडे खिशात घालूनच आले.

पर्याय

माझ्या टेबलाशी बसून आम्ही तासभर बोललो. सगळ्यात सोपा पर्याय मीच होतो. त्या फ्रेटखाली पातळ गोंद सोडून तो दाबून बसवायचे ७०० रुपये, पूर्ण सेटअपचे १,२००. संध्याकाळपर्यंत गिटार तयार. मुलीला हेच हवं होतं, कारण गणपतीला सतरा दिवस उरले होते. मी वडिलांना सरळ सांगितलं की या पर्यायात माझा फायदा आहे, तेव्हा माझा सल्ला तेवढ्या हिशोबाने घ्या. आणि हेही सांगितलं की एकदा मी फ्रेटला गोंद लावला की दोष कारखान्याचा होता हे सिद्ध करायला काही उरणार नाही. उद्या आणखी एक फ्रेट उचलला तर दुकान म्हणेल, बाहेर काम करून घेतलंत.

दुसरा पर्याय दुकानाकडून बदलून घेण्याचा. त्यात मेख अशी की दुसराही पीस सीलबंदच मिळणार आणि तोही कुणी तपासलेला नसणार. तिसरा, पैसे परत मागण्याचा. वडिलांच्या मनात हाच होता, रागापोटी. पण पैसे परत आले तरी मुलीच्या हातात गिटार येत नव्हती.

चौथा, कायद्याचा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापार प्रथांची यादी आहे. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे परत द्यायला नकार देणं हे त्यात येतं. बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत. बिल न देणंही त्याच यादीत आहे. म्हणजे बिलाच्या तळाशी छापलेलं ते वाक्य सदोष मालाच्या बाबतीत ढाल म्हणून वापरता येत नाही. जिल्हा आयोगात तक्रार आता ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, म्हणजे पुण्याला खेटे घालायची गरज नव्हती, साताऱ्यात करता आली असती. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. हे सगळं वडिलांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. अडचण वेगळीच होती. कायदा म्हणतो, दोष नुसता पाहून ठरत नसेल तर वस्तू योग्य प्रयोगशाळेत पाठवावी. गिटारचा फ्रेट तपासणारी प्रयोगशाळा कुठली, यावर आम्ही दोघंही हसलो. शिवाय निकाल लागेपर्यंत दोन-तीन गणपती येऊन गेले असते.

आम्ही ठरवलं की गिटारला आता कुणीच हात लावायचा नाही, दुकानाला लेखी कळवायचं, बदलून मागायची, आणि कायद्याचा उल्लेख एका ओळीत करायचा. मुदत मोजली. १२ ऑगस्टपासून तिसावा दिवस ११ सप्टेंबर.

काय केलं

वडिलांनी लिहिलेला पहिला मसुदा चार पानांचा होता. त्यात तिन्ही तक्रारी होत्या, 'घोर फसवणूक' होती, टेक्निशियनचं उद्धट बोलणं होतं, आणि वर्तमानपत्रात जाण्याची धमकी होती. मी म्हटलं, यातली घूं आवाजाची तक्रार चुकीची आहे. दुकानदार नेमकी तीच उचलेल, खोटी ठरवेल आणि बाकीच्या दोन्हीही तशाच म्हणून सोडून देईल. खरखरीची तक्रार सेटिंगची आहे, ती 'करून देतो' म्हणून मिटवेल. उरते ती एकच. ती एकटीच लिहा.

४ सप्टेंबरला एका पानाचं पत्र ईमेलने आणि व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं. बिलाचा क्रमांक, हेडस्टॉकच्या (नेकच्या वरच्या टोकाच्या) मागचा सीरियल नंबर, पंधराव्या फ्रेटचा दोष दोन वाक्यांत, २३ आणि २६ ऑगस्टच्या नोंदी, मी काढलेला चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. मागणी : तपासून बदलून द्या, नाहीतर पैसे परत, ११ सप्टेंबरपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला, आवाज चढलेला. "तुमच्या माणसाने ट्रस रॉड फिरवलाय. व्हिडिओत अ‍ॅलन की दिसतेय. वॉरंटी गेली."

ही माझी चूक. तपासताना सवयीने मी रॉड ढिला केला, आधीचं माप वहीत लिहिलं, पण त्याचा फोटो काढला नाही. आणि व्हिडिओत टेबलावर अ‍ॅलन की, म्हणजे रॉड फिरवायची चावी, तशीच पडलेली. ट्रस रॉड पाव फेरा फिरवल्याने पंधरावा फ्रेट खाचेतून वर येत नाही, हे मला माहीत आणि मालकांनाही माहीत. पण वादात ते एका वाक्यात सांगता येत नाही, आणि समोरच्याला ते ऐकायचंही नसतं.

आम्हाला वाचवलं ते मुलीच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजने. २३ ऑगस्टचा, म्हणजे गिटार माझ्याकडे यायच्या दहा दिवस आधीचा. त्यात हाच फ्रेट, ह्याच तारा, हाच दोष, व्हिडिओसकट. वडिलांनी फक्त तो मेसेज पुन्हा पाठवला, सोबत एकही शब्द लिहिला नाही. मग मी मालकांना स्वतः फोन केला. मी म्हटलं, भांडायला येत नाही, पट्टी घेऊन येतो, दोघं मिळून बघू.

मालक काही खलनायक नव्हते. त्यांचीही बाजू होती. वॉरंटी आयात करणाऱ्या वितरकाची असते. दोषी नग परत पाठवला की त्याचा हिशोब लागायला महिने जातात, तोवर पैसे दुकानदाराचे अडकतात. टेक्निशियन आठवड्यातून दोनदा येतो आणि त्याला नगामागे पैसे मिळतात, तेव्हा तो सॅडल उचलून मोकळा होणारच. हे सगळं मान्य. पण हा धंद्याचा आतला हिशोब, तो गिऱ्हाइकाच्या माथी मारता येत नाही. हे मी त्यांना सांगितलं, त्यांना ते आवडलं नाही, पण त्यांनी शनिवारी या म्हणून सांगितलं.

९ सप्टेंबरला दुकानात आम्ही चौघं होतो. मालकांनी पंधराव्या फ्रेटवर पट्टी स्वतः ठेवून पाहिली, डुलली, आणि तो वाद तिथे संपला. मग आतून दोन सीलबंद खोकी आणली. पहिल्यातल्या गिटारचे फ्रेट उत्तम होते, पण नटमध्ये पहिल्या तारेची खाच जास्त खोल गेली होती आणि मोकळी तार वाजवली की ती पहिल्या फ्रेटवर घासत होती. दुसरी अगदी ठीक, पण रंगाने लाल. मालक म्हणाले, "ही घ्या, बेस्ट पीस आहे." वडील तयार झाले होते.

मुलगी भिंतीकडे बघत म्हणाली, "बाबा, मला ती निळीच हवी होती ना. पहिल्या दिवसापासून तीच."

भिंतीवरची निळी खाली आली. बावीसही फ्रेट तपासले. दोन ठिकाणी केसभर उंची होती, वाजवताना जाणवत नव्हती. पिकगार्डवर (पुढच्या संरक्षक पट्टीवर) नखाएवढा ओरखडा. मुलीने पंधरा मिनिटं अ‍ॅम्पशिवाय आणि पाच मिनिटं अ‍ॅम्पवर वाजवली. वडिलांचा चेहरा अजून 'वापरलेली' या शब्दावर अडकलेला होता. मग त्यांच्यातला बँकवाला जागा झाला. "डिस्प्ले पीस आहे म्हणता, तर डिस्प्लेचा भाव लावा." घासाघीस होऊन १,५०० रुपये यूपीआयने परत आले, तारांचा नवा सेट मिळाला, आणि नवं बिल निघालं. या वेळी बिलावर सीरियल नंबर होता आणि वॉरंटी कार्डावर शिक्का आणि ९ सप्टेंबरची तारीख.

काय निघालं

गणपतीच्या चौथ्या दिवशी बँड वाजला. मला व्हिडिओ आला. ड्रम फार मोठे होते, गिटार अधूनमधून ऐकू येत होती. जे ऐकू येत होतं ते सुरात होतं.

पैशांचा हिशोब वडिलांनीच करून पाठवला. पुण्याच्या तीन फेऱ्यांचं डिझेल आणि टोल, बाहेरचं खाणं, माझी तपासणी आणि नंतरचा सेटअप, सगळं मिळून सहा हजारांच्या घरात. परत आले १,५००. म्हणजे निव्वळ रुपयांत पाहिलं तर पहिल्याच दिवशी माझ्याकडून १,९०० रुपयांत दुरुस्त करून घेणं स्वस्त पडलं असतं. हे मी लपवत नाही. वडिलांना विचारलं तर ते म्हणतात, ३३ हजारांची वस्तू घेऊन तीन आठवड्यांत गोंद लावणं मला जमलं नसतं. मला ते पटतं. पण तीच गिटार बारा हजारांची असती तर मी त्यांना दुरुस्त करून मोकळं व्हायला सांगितलं असतं.

सदोष गिटार वितरकाकडे गेलीच नाही. डिसेंबरमध्ये मालकांनी ती माझ्याकडेच पाठवली. फ्रेट बसवला, त्या भागातले तीन फ्रेट घासून एका पातळीत आणले, सेटअप केला. तासाभराचं काम. आता ती भिंतीवर निळीच्या जागी लटकते आहे आणि त्या दुकानातल्या बऱ्याच गिटारींपेक्षा चांगली वाजते. आतून सीलबंद मागणारं गिऱ्हाईक तिच्याकडे ढुंकून बघत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं तर उघडच आहे : जी वाजवली तीच घ्यायची होती, आणि मुलगी तेच म्हणत होती. घ्यायचीच होती सीलबंद, तर ती काउंटरवर उघडून, सुरात लावून, अ‍ॅम्पशिवाय प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकदा वाजवून बघायची होती. सहा तारा, बावीस फ्रेट, एकशे बत्तीस स्वर. सावकाश वाजवलं तरी दहा मिनिटं लागतात. पंधराव्या फ्रेटचा दोष तिथेच सापडला असता. दुकानात लाज वाटते, काउंटरवाला कंटाळतो, हे मला माहीत आहे. तरी ३३ हजारांना दहा मिनिटं मागायला हरकत नसावी.

दुसरं, देण्याआधी सेटअप कोण करणार हे विचारायचं होतं. काही दुकानं ते करून देतात आणि त्यांचा भाव हजार-दीड हजारांनी जास्त असतो. ऑफरच्या दिवशी हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण सगळं लक्ष सवलतीच्या आकड्यावर असतं.

२६ ऑगस्टच्या भेटीत टेक्निशियनने नेमकं काय केलं ते लिहून घ्यायला हवं होतं. 'सॅडल वर केले, तक्रार चौदाव्या फ्रेटवर आवाज नाही' एवढं जरी दुकानाच्या कागदावर आलं असतं, तरी ५ सप्टेंबरचा फोन तसा आला नसता.

क्लासच्या सरांचा सल्ला ऐकून गेलेले दहा दिवस हा माझ्या मते किरकोळ मुद्दा आहे. घरचे त्यावर अजून वाद घालतात. आजींच्या मते सगळा दोष अधिक महिन्याचा, आणि दुसरी गिटार ९ सप्टेंबरला, निज श्रावणात घेतली म्हणून ती चांगली निघाली. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

माझ्यापुरता बदल एवढाच. वॉरंटीतली गिटार टेबलावर आली की आधी फोनवर व्हिडिओ सुरू होतो, फीलर गेजचं पान आत जाताना दिसतं, माप मोठ्याने बोललं जातं, आणि गिटारच्या मालकाची लेखी परवानगी येईपर्यंत अ‍ॅलन की खणात असते. खण बंद.